ट्रान्समला अकरा भोकं आणि एकातही सीलंट नाही

काल संध्याकाळी बोटीच्या मागच्या फळीत ६ एमएमचं ड्रिल घातलं आणि लाकडाचा भुसा यायच्या ऐवजी काळा लगदा बाहेर आला. ओल्या गोणपाटासारखा वास, बोटात धरून चोळला तर पाणी सुटतंय. एक इंच बाजूला दुसरं भोक मारलं, तेच. खाली मारलं, तिथे तर ड्रिल दाबायलाही लागलं नाही, आपोआप आत गेलं. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, रात्रभर झोप नाही, आणि राग लाकडावर नाहीये, राग माणसांवर आहे.

बोट १७ फुटी आहे, फायबरची, ९० च्या दशकातली, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक इंजिन. उरणच्या बाजूला एकाकडून घेतली, दिवाळे गावात मामांच्या आंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. घेताना काय चकचकीत होती! पांढरा रंग, निळा पट्टा, नवीन सीट कव्हर. विकणारा सारखा एकच वाक्य बोलत होता, फायबर आहे हो, फायबरला काय होतंय. आणि हेच वाक्य मी गेल्या वर्षभरात दुकानदार, फिटर, जेट्टीवर उभा असलेला प्रत्येक माणूस अशा सगळ्यांकडून ऐकलंय. अरे फायबरला नाही होत काही, मान्य, पण जुन्या बोटीत नुसतं फायबर असतं का? ट्रान्सम म्हणजे मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं, ती आतून प्लायवूड असते आणि दोन्ही बाजूंनी वर फायबरचं कातडं. खालच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, स्ट्रिंगर म्हणतात त्या, बऱ्याच बोटींत त्याही लाकडाच्याच. त्या कातड्याला कुठेही भोक पाडलं आणि नीट बंद केलं नाही की पाणी आत जातं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही कारण दोन्हीकडून फायबर आहे. मग ते वर्षानुवर्षं आत बसून लाकूड खातं आणि बाहेरून बोट नवरीसारखी दिसते. इंजिन ७० किलोच्या आसपास आहे, आणि नुसतं वजन नाही, बोटीला ढकलायचा सगळा जोर त्याच फळीवर येतो. ती फळी भर खाडीत बसली असती तर?

आता हे सगळं डेप्थ फाइंडरमुळे, म्हणजे पाण्याची खोली मोजणाऱ्या मशीनमुळे कळलं म्हणून ते सांगतो.

मामांना मशीन लागत नाही. ते चाळीस वर्षं ह्या पाण्यात आहेत, काठी टाकतात, पाण्याचा रंग बघतात, समोरच्या खुणा बघतात आणि सांगतात इथे कमरेएवढं, तिथे बुडेल एवढं. माझी नोकरी रबाळ्याला, मला आठवड्यातून एक दिवस मिळतो, मला ते डोळे कुठून येणार. आणि आपली खाडी म्हणजे साधी गोष्ट नाही. उधाणाला पाणी ४ मीटरच्या वर चढतं आणि सहा तासांत तेच पाणी मागे जातं, जिथे सकाळी बोट चालवली तिथे दुपारी बगळे चालत असतात. सगळा गाळ, आणि तोही एका जागी राहत नाही, पावसाळ्याआधीची वाट पावसाळ्यानंतर सापडेलच असं नाही. पाणी इतकं गढूळ की हातभर खाली दिसत नाही. म्हणून पैसे साठवून मशीन घेतलं, १८,००० रुपयांचं, चैन म्हणून नाही.

दुकानात विचारलं ट्रान्सड्यूसर, म्हणजे मशीनचा आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग, कुठे लावायचा, तर म्हणे कुठेही चिकटवा आतून, फायबरमधून जातो आवाज. अर्धवट माहिती ही खोट्यापेक्षा वाईट असते. फायबरमधून आवाज जातो, बरोबर, पण सलग घट्ट फायबर असेल तरच. मध्ये फोम असेल, लाकूड असेल, किंवा चिकटवताना हवेचा एक थर राहिला असेल तर गेला कामातून, कारण आवाज हवेवर आपटून तिथूनच परत येतो. म्हणूनच एपॉक्सीत (दोन भाग मिसळले की दगडासारखा घट्ट होणारा गोंद) बुडबुडे न ठेवता बसवायचा असतो, आणि त्याच्या आधी पिशवीत पाणी भरून ती तळाला लावायची, तिच्यावर ट्रान्सड्यूसर ठेवायचा आणि आकडा नीट येतोय का बघायचं, दहा मिनिटांचं काम. फिटरने काय केलं? बाथरूमच्या टाइल्सला लावतात ते सिलिकॉन अर्धी ट्यूब ओतलं आणि त्याच्यावर दाबून दिलं. पाण्यात उतरवलं तर आकडा कधी ०.६ कधी १४. सरसोळ्याच्या जेट्टीजवळ १४ मीटर!

मग तोच म्हणाला, सर, मागून बाहेरून लावूया, बेस्ट येईल. लावला. चार स्क्रू. आणि इथेच माझं रक्त खवळतं, कारण मी बाजूला उभा होतो आणि मला स्पष्ट आठवतंय, तिसरा स्क्रू फिरवताना तो म्हणाला, पकडत नाहीये, लांब लागतील. मी स्वतः गाडी काढून जाऊन लांब स्क्रू आणून दिले. स्क्रू का पकडत नाहीये? कारण आत लाकूडच उरलेलं नव्हतं! त्याच्या ड्रिलच्या टोकाला तोच काळा लगदा लागला असणार जो काल माझ्या ड्रिलला लागला. दिसलं असणार त्याला. शंभर टक्के दिसलं असणार. एक शब्द बोलला नाही. पुसलं, सिलिकॉनही नाही, काहीही नाही, कोरड्या भोकात स्क्रू पिळले आणि ३,५०० रुपयांची मजुरी सांगितली. स्क्रूसुद्धा साधे लोखंडी, एका महिन्यात त्यांचे गंजाचे ओघळ पांढऱ्या रंगावर खालपर्यंत आले.

आणि जागा? प्रोपेलरच्या बरोबर शेजारी. अरे मशीनचं काम काय आहे, वरून आवाज सोडायचा आणि तळावर आपटून परत आला की वेळ मोजायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ३ मीटर पाणी असेल तर जाऊन येऊन ६ मीटर, सेकंदाचा अडीचशेवा भाग. एवढं बारीक काम चाललेलं असताना ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर फेस आणि बुडबुडे असतील तर ते आंधळं होणारच. म्हणून तो प्रोपेलरपासून लांब, बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली, जिथून पाणी सरळ वाहत येतं तिथे लावायचा असतो. मशीनच्या डब्यात चित्र दिलेलं आहे! कागद उघडलाच नाही त्याने, पिशवीसकट परत दिला मला.

मार्चमध्ये सरसोळ्याहून निघालो, मी आणि मामांचा धाकटा. स्पीड घेतला की आकडा अडकायचा, शेवटचा जो सापडला तोच लुकलुकत राहायचा, आणि उन्हात स्क्रीनवर लुकलुकणं कोणाला दिसतंय. २.४ दिसत होतं. २.४ बघून सरळ चाललो आणि बोट चिखलात घुसली ती अशी घुसली की पोरगा पुढच्या बाकावर आपटला, ओठ फुटला त्याचा. वर आणि हेही, की तो आकडा ट्रान्सड्यूसरपासूनचा असतो, इंजिनचा पाय त्याच्याही दीड फूट खाली, तो फरक मशीनमध्ये भरून ठेवायचा असतो, तेही केलेलं नव्हतं. ओहोटी अर्धी झाली होती. अर्ध्या ओहोटीला टेकलं की उरलेली ओहोटी बसा आणि मग तेवढीच भरती येईपर्यंत बसा. सहा तास बसलो उन्हात, दीड बाटली पाणी, चारी बाजूंना चिखल, उतरलं तर मांडीपर्यंत आत. इंजिनने चिखल ओढला, कूलिंगच्या पंपातल्या रबरी इंपेलरची पाती उडाली, तो खर्च वेगळा. मामा जेट्टीवर वाट बघत उभे, फोन लागत नाही. परत आल्यावर ते मला काही बोलले नाहीत, पोराच्या ओठाकडे बघितलं आणि घरात गेले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ठरवलं की सगळं उतरवायचं आणि नीट करायचं. ट्रान्सड्यूसर काढला तर खाली आणखी जुनी भोकं, रंगाखाली पुट्टीने बुजवलेली. मोजली. अकरा. चार ह्या फिटरची, सात आधीच्यांची. कोणीतरी कधीतरी शिडी लावली असेल, कोणीतरी आधी एक ट्रान्सड्यूसर, कोणीतरी नंबरची पाटी. अकरापैकी एकातही सीलंट नाही. एकातही नाही! मामांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघितलं, वरच्या कोपऱ्यात टक् टक्, आणि मध्यापासून खाली सगळं धप् धप्. ते म्हणाले, ही मेलेली फळी आहे रे, ड्रिल मारून बघ.

नीट करायला काय लागतं तेही सांगतो, म्हणजे कळेल किती कमी गोष्टीसाठी हे झालं. स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते जाड केलेल्या एपॉक्सीने गच्च भरायचं, दुसऱ्या दिवशी त्या वाळलेल्या एपॉक्सीच्या मधोमध बारीक भोक मारायचं, आणि पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट लावून ३१६ स्टीलचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणारा स्क्रू पिळायचा. मग स्क्रू एपॉक्सीत बसतो, लाकडाला पाणी दिसतच नाही. थोडंसं सामान आणि एका रात्रीचं थांबणं. आणि सिलिकॉन नको, कारण ते एकदा चोपडलं की त्या जागेवर नंतर रंग धरत नाही, रेझिन धरत नाही, काहीच धरत नाही, घासून घासून जीव जातो.

आता मला काय करावं लागणार आहे? आतलं फायबर ग्राइंडरने कापायचं, कुजलेलं सगळं खरवडून काढायचं, उरलेलं कातडं पूर्ण सुकू द्यायचं, १८ एमएमच्या दोन मरीन प्लाय एपॉक्सीने एकमेकांना चिकटवून बसवायच्या, कडांना एपॉक्सी पाजायचं आणि वरून परत फायबरच्या कापडाचे थर. मेचा शेवट आलाय. पाऊस सुरू झाला की हवेत एवढी ओल असते की काहीच सुकणार नाही, म्हणजे आता गाठलं तर गाठलं, नाहीतर दिवाळीपर्यंत बोट जमिनीवर. फायबर घासलंय का कोणी मेमध्ये? घामाच्या अंगावर ती धूळ बसली की रात्रभर खाज, मास्क लावला तरी घशात खवखव. मी करीन, मला कामाचा कंटाळा नाही, पण हे काम माझं नव्हतं, हे अकरा भोकं बंद न करणाऱ्यांचं काम आहे जे माझ्या अंगावर आलंय.

वायरिंगचं तर बोलायलाच नको पण बोलतो. घरातल्या लाइटची वायर वापरलीय. पिळून जोडलेली, वर काळी टेप. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडलं, इंजिन स्टार्ट केलं की मशीन बंद होऊन परत चालू. फ्यूज नाही. पेट्रोलची टाकी मागे आणि फ्यूज नाही! ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या वायरींच्या गठ्ठ्यातच बांधलेली, म्हणून स्क्रीनवर सगळ्या उभ्या रेघा, आणि मला सांगितलं काय तर "खाडीत मासे खूप आहेत सर".

फिटरबरोबर एक पोरगा असायचा रेझिनच्या (फायबरला घट्ट करणारा चिकट द्रव) कामाला, सतरा-अठराचा. तळाचा एक ओरखडा भरायला आला होता, रेझिन कडक करणारं कॅटलिस्ट टाकायचं शंभर भागांना एक-दोन, तो झाकणाने अंदाजे ओतत होता, डबा इतका तापला की धूर आला आणि भरलेली जागा दुसऱ्या दिवशी तडकली. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते) आणि कॅटलिस्टच्या बाटल्या एकाच पिशवीत, झाकणं सैल. ते दोन्ही थेट एकत्र झाले तर भडका उडतो, स्फोटही होतो. पोराला माहीतच नव्हतं. त्याच्यावर राग नाहीये माझा, त्याला कोणी सांगितलंच नाही, हातमोजेसुद्धा दिले नव्हते. ज्याने त्याला कामाला लावलं त्याला हे माहीत असायला हवं आणि माहीत नसेल तर त्याने हे काम घेऊ नये.

विकणाऱ्याला फोन केला सकाळी. म्हणे मी घेतली तेव्हाही अशीच होती. मग पुट्टी कोणी भरली? त्यावर फोन कट.

आणि फिटरचा काल रात्री मेसेज, सर राहिलेले १२०० कधी देताय. मी त्याला त्या काळ्या लगद्याचा फोटो पाठवला, हातावर घेऊन काढलेला, बाजूला त्याचा गंजलेला लांब स्क्रू ठेवून. निळ्या टिक्स आल्यात, म्हणजे बघितलंय त्याने. अजून उत्तर नाही, आणि पैसेही जाणार नाहीत.