"निकेलचा मुलामा आहे, गंजणार नाही" म्हणे!

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मला एकाच आठवड्यात तो चार जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: वेव्हमेकरचा (टाकीतलं पाणी हलतं ठेवणाऱ्या छोट्या पंपाचा) मॅग्नेट होल्डर, म्हणजे पंप काचेला चिकटवून ठेवणारी चुंबकांची जोडी, तुटला तर नवीन होल्डरला पैसे घालवू नका. निओडायमियम चुंबकाच्या दोन चकत्या मागवा, एक पंपाला चिकटवा, दुसरी काचेबाहेर लावा. निकेलचा मुलामा असतो, त्यामुळे गंजत नाही. फारच भीती वाटत असेल तर वरून नेलपॉलिश नाहीतर सिलिकॉन फासा. चुंबक जेवढं जोरदार तेवढं बरं. आणि शेवटी हुकमी पान: "कंपनीवालेसुद्धा आत हेच चुंबक घालतात!"

हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कंपनीवालेसुद्धा हेच घालतात."

मेसेजमधलं हे एक वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. चांगल्या होल्डरमध्ये निओडायमियमच असतं. पण तिथे ते प्लास्टिकच्या बंद डबीत असतं, नाहीतर इपॉक्सीत (ओतल्यावर कडक होणाऱ्या राळेत) बुडवून बसवलेलं असतं. पाणी चुंबकापर्यंत पोचतच नाही. होल्डर विकत घेताना आपण खरे पैसे मोजतो ते त्या डबीचे. ती डबी काढून टाकायची आणि "चुंबक तेच आहे" म्हणायचं, हे म्हणजे रेनकोट घरी ठेवून "माणूस तोच आहे" म्हणत जुलैत बाहेर पडण्यासारखं झालं.

"निकेलचा मुलामा असतो, त्यामुळे गंजत नाही."

सगळी गफलत इथे आहे. चकती स्टीलसारखी चकचकते म्हणून आपण तिला स्टील समजतो. आत असतं निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन, आणि वजनाने जवळपास दोन-तृतीयांश तर लोखंडच. मुलामा सहसा निकेल, तांबं, पुन्हा निकेल असा तीन थरांचा. सगळा मिळून साधारण १० ते २० मायक्रॉन. डोक्यावरचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. दोन चकत्या एकदा जरी एकमेकींवर खटकन आदळल्या तरी कडेचा टवका उडतो, आणि हाताळताना त्या आदळतातच.

टवका उडाला की निकेलच उलटं वैरी होतं. निकेल आणि लोखंड एकत्र खाऱ्या पाण्यात भिजले की त्यांची छोटी बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते लोखंड. सगळा मारा त्या टाचणीएवढ्या भोकातून आत. शिवाय ही चुंबकं ओतीव नसतात, भुकटी दाबून आणि भट्टीत तापवून केलेली असतात. कणांच्या मधल्या फटींत निओडायमियम जास्त असतं आणि पाण्याला पहिलं बळी पडतं तेच. त्यामुळे हे चुंबक खिळ्यासारखं वरून लालसर होत नाही. ते आतून फुगतं आणि मग त्याचा भुगा होतो.

माझ्याकडे २५ मिमी व्यासाची, १० मिमी जाडीची चकती होती. साधारण आठव्या महिन्यात पंप थोडा वाकडा दिसायला लागला. हात घालून काढला, तर चकतीच्या कडेला मुलाम्याचा पापुद्रा कैरीच्या सालीसारखा उलटलेला. अंगठ्याने जरा दाबलं आणि काळपट चिखल बोटावर आला. त्याआधीच्या पंधरा दिवसांत माझ्या गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडत होत्या आणि क्लीनर कोळंबी गेली होती. क्लाउनफिश मात्र ठणठणीत! मी नायट्रेट तपासलं, क्षारता तपासली, हीटर बदलला. चुंबकाकडे बघायचं सुचलंच नाही.

चुंबकानेच त्यांना मारलं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण नंतर वहीत एक हिशेब मांडला. त्या चकतीचं पृष्ठफळ सुमारे १७.७ चौ. सेंमी. तांब्याचा थर ५ मायक्रॉन धरला, तर तांबं भरतं जवळपास ७९ मिलिग्रॅम. माझ्या टाकीत पाणी २०० लिटर, म्हणजे लिटरला ०.४ मिलिग्रॅम. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वेगळ्या टाकीत माशांना तांब्याचं औषध देतात तेव्हा पातळी लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि तेवढ्यातही कोळंबी-गोगलगायी टिकत नाहीत. सगळं तांबं एकदम विरघळत नाही आणि काही खडक-वाळूही शोषून घेतात, हे मान्य. पण मासे मजेत आणि बिनकण्याचे जीव मरतायत, हे लक्षण तांब्याचं असतं.

"नेलपॉलिश नाहीतर सिलिकॉन फासा."

नेलपॉलिश बोटांवर आठवडाभर टिकत नाही, टाकीत कुठून टिकणार? सिलिकॉनचं प्रकरण जास्त फसवं, कारण टाकीला ते चालतं हे आपल्याला माहीत असतं. चालतं, काचेला. टाकीसाठी वापरतात ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते ॲसिटिक ॲसिडच असतं, आणि ते धातूला खातं. म्हणजे संरक्षण म्हणून आपण पहिल्याच दिवशी चुंबकाला आम्लात गुंडाळतो.

इपॉक्सी बरं, पण ब्रशने लावलेलं नव्हे. पातळ लेप धारदार कडेवरून ओघळतो, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच तो सगळ्यात पातळ राहतो. स्वतःच करायचं असेल तर पीव्हीसी पाइपचं टोपण घ्या, तळाला थोडं इपॉक्सी ओतून घट्ट होऊ द्या, त्यावर चुंबक ठेवा आणि वरून पूर्ण बुडेपर्यंत ओता. सर्व बाजूंनी ३ मिमी तरी थर हवा. एवढा खटाटोप करून झाल्यावर विकतचा होल्डर महाग वाटत नाही, हा माझा अनुभव.

"जेवढं जोरदार तेवढं बरं. ३० किलो ओढ लिहिलीय!"

ते ३० किलो मोजतात जाड लोखंडी पट्टीवर, मध्ये कागदाचीही फट न ठेवता आणि सरळ ओढून. आपल्या टाकीत मध्ये १० मिमी काच, दोन्हीकडचं आवरण, रबर. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने पडते. फ्रिजवरच्या चुंबकाखाली खेळायचा एकेक पत्ता सरकवून बघा, कितव्या पत्त्याला ते गळून पडतं. दुसरं म्हणजे पंप काचेपासून सुटत नाही, घसरतो. घसरण थांबवतं ते घर्षण, आणि शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की घर्षण गेलं. म्हणून होल्डरला रबरी पॅड असतो. ५२ नंबरचं, म्हणजे खूप जोरदार प्रतीचं चुंबक आणण्याऐवजी महिन्यातून एकदा तेवढी काच पुसली तर जास्त फायदा होतो.

जास्त जोराची किंमतही असते. मोठ्या दोन चकत्यांमध्ये बोट सापडलं की नख काळं होतं. काचेवर धाडकन बसली तर कपची उडते. घरात लहान मूल असेल तर सुट्ट्या चकत्या आणूच नका: दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून त्या एकमेकींना चिकटतात, आणि मग गाठ ऑपरेशनशी. आजोबांना पेसमेकर असेल तर हे प्रकरण त्यांच्या छातीपासून लांबच बरं.

"बाहेरचं चुंबक कोरडंच असतं."

मीठ चढतं. झाकणाच्या कडेला पांढरी पुटं बघितली नाहीत का कधी? त्यात पावसाळ्यातली हवा. बाहेरचं टाकीला मारणार नाही, पण गंजून काचेवर तांबडे ओघळ नक्की आणेल.

"चुंबकामुळे माशांना त्रास होतो."

हा आपल्या बाजूच्या लोकांचा उलटा मेसेज, तोही नको. एवढ्याशा चकतीचं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं. माझे क्लाउनफिश होल्डरला टेकूनच झोपतात.

काळजी करायचीच तर वाळूची करा. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते, तिच्यातले कण चुंबकाला झोंबतात. तसली वाळू टाकीत असेल तर ते कण होल्डर आणि काच यांच्यामध्ये जाऊन बसतात, आणि होल्डर सरकवला की काचेवर ओरखडा. ॲक्रिलिकची टाकी असेल तर विचारूच नका.

ज्याला अजून मेसेजच खरा वाटतो त्याने एक नवी चकती घ्यावी, कडेला सुईने ओरखडा काढावा आणि टाकीतलं पाणी भरलेल्या ग्लासात टाकून ठेवावी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असा एक ग्लास आहे. तिसऱ्या दिवशी तळाशी तांबूस गाळ दिसला. आता पाणी गढूळ आहे आणि त्यावर बायकोने चिठ्ठी चिकटवलीय: "हे सरबत नाही."