लस देऊनही चिंगी गेली, तरी ढब्बूला लस द्यायचं ठरवलं

गेल्या मे महिन्यात आमची चिंगी, कुत्रीचं पिल्लू, गेली. अडीच महिन्यांची होती. आदल्या संध्याकाळी खाणं सोडलं, रात्री उलट्या, सकाळी रक्ताची हगवण. पार्व्हो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा रोग, त्याच्या हगवणीचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. डॉक्टर सलाईनसाठी शीर शोधत होते आणि तिचा पुढचा पाय मी दोन बोटांत धरला होता. माझ्या अंगठ्याएवढा जाड पाय, त्यावरचे केस कातरलेले, आणि ती ओरडतसुद्धा नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

म्हणून नणंदेच्या घरून, गुहागरहून, ढब्बू या नव्या पिल्लाला आणायचं ठरलं तेव्हा पहिला वाद लसीवरूनच झाला. आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं. "चिंगीला टोचलं होतं ना? मग काय उपयोग झाला? गावठी पिल्लू आहे, त्याला त्याचं जगू दे. आमचा टिपू चौदा वर्षं जगला, कधी सुई लागली नाही त्याला."

हे त्यांचं एकट्याचं मत नाही. आमच्या चिपळुणात दहा घरी विचारलंत तर सात घरी हेच ऐकाल. आणि चिंगीनंतर माझ्याकडेही याला उत्तर नव्हतं. म्हणून डॉक्टरांना मी सरळ विचारलं, की लस देऊनही पिल्लू जातं कसं?

त्यांनी आधी चिंगीचं कार्ड मागितलं. ज्यांच्याकडून तिला आणलं त्यांनी "एक इंजेक्शन झालंय" असं सांगून हातात ठेवलेलं कार्ड. त्यावर तारीख होती, पण लसीच्या बाटलीवरचा स्टिकर नव्हता. कुठली लस, कुठल्या बॅचची, मुदत कधीची, काहीच नाही. ही लस सतत दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. ती तशी ठेवली होती का, हे आता कोण सांगणार? पण समजा सगळं नीट होतं, तरी एका डोसावर तिला बाजारात फिरवून आणणं ही आमची चूक होती. तीन आठवड्यांत दोनदा नेली होती मी तिला.

त्यांनी समजावलं ते इथे लिहिते, कारण मला ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. गाय व्याली की पहिल्या चिकाचा आपण खरवस करतो. कुत्रीलाही तसाच चीक येतो, आणि पहिल्या दिवशी तो प्यायला की आईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात उतरतात. ती पिल्लाला राखतात, पण लसीलाही तीच हाणून पाडतात. पुढे ती ओसरत जातात. कुणाची सहाव्या-आठव्या आठवड्यात, कुणाची थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत. मधले काही दिवस असे येतात की आईचं संरक्षण रोग अडवायला पुरत नाही, पण लस निकामी करायला पुरतं. आपल्या पिल्लाचे ते दिवस कोणते, हे वरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. यातला कुठला तरी एक बरोबर वेळेला लागू पडतो. मी इतके दिवस समजत होते की पहिला डोस म्हणजे काम झालं आणि पुढचे डॉक्टरांच्या बिलासाठी. चिंगीला लस दिली होती हे म्हणणंच खरं नव्हतं. अर्धवट दिली होती.

टिपूबद्दल मी आण्णांना एकच विचारलं. त्याच्या बरोबरची पिल्लं किती होती? म्हणाले, पाच. मग ती? थोडा वेळ गप्प बसले. "गेली ती पहिल्याच पावसात." जगलेल्या टिपूची गोष्ट घरात वर्षानुवर्षं सांगितली जाते, त्या पाचांची नावंसुद्धा ठेवली नव्हती.

लसीचा त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. ढब्बू पहिल्या डोसानंतर दिवसभर झोपून होता, टोचलेल्या जागी गाठ आली, दोन दिवसांत बसली. क्वचित एखाद्या पिल्लाचं तोंड सुजतं, उलट्या होतात, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. पैशाचं म्हणाल, तर त्याच्या सगळ्या डोसांना मिळून लागेल त्याहून जास्त खर्च चिंगीच्या तीन दिवसांच्या सलाईनला आला होता.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, वर्षभरही टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. फरशी ब्लीचने धुतली, अंगणाचं काय करणार? म्हणून ढब्बूला पहिला डोस नणंदेकडेच, सातव्या आठवड्यात दिला आणि इथे आणल्यावर सरळ माडीवर ठेवला. बाहेरच्या चपला खालीच. त्याला रोज कडेवर घेऊन नाक्यापर्यंत नेते, गाड्यांचा आवाज, माणसं, सगळं त्याला कळावं म्हणून, पण पाय जमिनीला लावू देत नाही.

त्याच्या लसीत लेप्टोवरचीही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापावरचीही लस आहे. इथल्या पावसात, उंदरांच्या मुताने बाटलेल्या पाण्यातून लेप्टो माणसांनाही होतो, लावणीच्या दिवसांत कोकणात हे कुणाला सांगावं लागत नाही. ही लस दरवर्षी द्यावी लागते.

आणि रेबीज. यावर मला वाद घालावाच लागला नाही. आण्णांना लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि त्यांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे ती जुनी लस, भारतात २००५ च्या सुमारास ती बंद झाली. त्याच कुत्र्याने चावलेला त्यांच्या आळीतला एक मुलगा इंजेक्शनं न घेता राहिला. पाण्याचा पेला पुढे केला की तो कसा करायचा, हे आण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ढब्बूचे दुधाचे दात दिवसभर आमच्या मुलीच्या बोटांत असतात. शेजारच्या गोव्याने वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. आपण निदान घरातल्या एकाला टोचू शकतो. गुरांच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी करा.

तेराव्या आठवड्यात तिसरा डोस आणि रेबीजची लस झाली. या वेळी ढब्बूला मांडीवर घेऊन आण्णाच बसले होते, आणि स्टिकर लावलाय का हेही त्यांनीच चष्मा लावून पाहिलं. शेवटचा डोस पुढच्या गुरुवारी आहे. तोवर तो माडीवरच.