दारातली गाडी सोडून भाड्याची का घेतली : एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मुंबईत गाडी भाड्याने घेऊन कोकणच्या किनाऱ्याने खाली जायचं आणि गोव्यात ती सोडून द्यायची, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. घरची गाडी दारात उभी असताना भाड्याची घ्यायची आणि वर ती परत नेण्याचे पैसेही आपणच भरायचे, हा पैशाचा नाश आहे. समृद्धी झाल्यावर नागपूरकराला मुंबई आठ तासांवर आली, मग रेल्वे कशाला? लेखात हिशेब कुठेच नाही. आणि शेवटी, ओळखीतली पोरं स्वतःच्या गाड्या अर्ध्या भावात देतात, मग कंपनीकडे जायचं काहून?

तुमचा तिसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. हिशेब द्यायलाच हवा होता. नागपूरच्या माणसाला उपयोगी पडावं म्हणून लिहिलं आणि नेमका आकडाच दिला नाही, ही चूक माझी. म्हणून आधी आकडे.

आम्ही चौघं होतो : मी, नवरा, मुलगी आणि आई. रेल्वेची जाण्या-येण्याची तिकिटं साडेतेरा हजार. गाडीचं भाडं दिवसाला अडीच हजार, सहा दिवसांचे पंधरा. गोव्यात गाडी सोडायचे वेगळे साडेसहा हजार. पेट्रोल चार हजार दोनशे. एकूण ३९ हजारांच्या वर. तुम्ही म्हणता तशी घरची गाडी नेली असती, तर नागपूर ते अलिबाग आठशे किलोमीटर, किनाऱ्याने वळणंवाकणं धरून सहाशे, आणि गोव्याहून नागपूर हजारेक. म्हणजे २,४०० किलोमीटर. आमची गाडी लिटरला सोळा देते, म्हणजे दीडशे लिटर, साडेपंधरा हजारांचं पेट्रोल. समृद्धीचा टोल साडेचौदाशेच्या आसपास, परतीच्या वाटेवरचे टोल वेगळे, जाता-येता एकेक रात्र लॉजवर. सगळं धरून पंचवीस-सव्वीस हजार. किनाऱ्यावरच्या मुक्कामांचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो धरला नाही.

म्हणजे आमची सहल तेरा-चौदा हजारांनी महाग पडली. ही रक्कम लहान नाही. तिच्या बदल्यात काय मिळालं ते आता सांगते, मग तो नाश आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमच्या घरात गाडी मी एकटीच चालवते. नवऱ्याला येत नाही, मुलगी अकरावीत आहे. त्या २,४०० किलोमीटरमध्ये समुद्राच्या सोबतीचे फक्त सहाशे. उरलेले अठराशे नुसते पोचण्याचे आणि परतण्याचे, आणि ते सगळे माझ्या एकटीच्या हातावर. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, हे खरं. पण तो मुंबईत पोचत नाही, भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. तिथून ठाणे, पनवेल, पेण करत अलिबाग गाठायला आणखी निम्मा दिवस जातो. आणि सरळसोट रस्त्यावर १२० च्या वेगाने तासन् तास एकटीने चालवताना डोळे उघडे असले तरी लक्ष कधी सुटतं ते कळत नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ माणसं गेली. ती सकाळ आपल्या गावातलं कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून थकलेल्या अंगाने त्या रस्त्यावर जायचं नाही, हे मी ठरवलंय. सहल संपल्यावरचं अंग थकलेलंच असतं, काका.

आता ते साडेसहा हजार, कारण तुमचा सगळा राग त्यांच्यावर आहे. कंपनी हे पैसे घेते, कारण गोव्यात सोडलेली गाडी मुंबईला न्यायला तिला ड्रायव्हर पाठवावा लागतो किंवा उलट दिशेचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. आपल्याकडे बाहेरगावच्या टॅक्सीला परतीचं भाडं देतात, त्यातलंच हे. आता समजा हे पैसे वाचवायला मीच गाडी मुंबईला परत नेली असती. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने साधारण ५८० किलोमीटर. एक दिवसाचं जास्तीचं भाडं अडीच हजार, चार हजारांचं पेट्रोल. साडेसहा हजार तिथेच झाले. वर एका रात्रीचा मुक्काम, माझी एक रजा, आणि त्या महामार्गावर अख्खा दिवस. चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्यावरून नियमित जाणाऱ्यांना तो अजून कसा आहे ते विचारा. मुंबईहून नागपूरचं तिकीट मडगावहून असतं त्यापेक्षा स्वस्त, हे मान्य. पण मुक्काम आणि जेवण त्यातला फरक खाऊन टाकतात. हा हिशेब मी निघण्याआधी कागदावर मांडला होता, म्हणूनच पैसे भरताना मला जड गेलं नाही.

किनारा ही रेघ आहे, हेही लक्षात घ्या. ताडोब्याला आपण एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने येतो, तसा फेरा कोकणात होत नाही. रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, खाडीशी उतरतो, पुन्हा चढतो. खाडी आली की जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. प्रत्येक ठिकाणी रांग लावायची, फेरीची वाट बघायची. जाताना हे सगळं हवंहवंसं वाटतं. येताना पुन्हा त्याच चार खाड्या ओलांडायची हौस कोणाला नसते, म्हणून सगळे महामार्ग धरतात, आणि मग परतीचा दिवस सहलीत धरण्यासारखा उरत नाही.

तुमच्या एका वाक्याने मला वाईट वाटलं, तेही सांगते. "म्हाताऱ्या माणसांना घेऊन असले खेळ करू नयेत," असं तुम्ही लिहिलंत. काका, हे सगळं आईसाठीच होतं. ती ७१ वर्षांची आहे, आयुष्य वर्ध्यात आणि नागपुरात गेलं, समुद्र पाहिलेला नव्हता. तिच्या कंबरेत दोन मणके दबलेत. दोन दिवस सलग गाडीत बसणं तिला शक्य नाही, रेल्वेत आडवं होता येतं. विदर्भ एक्सप्रेसने रात्री झोपून गेलो, सकाळी सीएसएमटीला उतरलो, गाडी ताब्यात घेतली आणि भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने अलिबागजवळच्या मांडव्याला. साधारण तासाभराचा प्रवास. गाडी खाली उभी, आम्ही वर. आई कठड्याला धरून उभी राहिली. पुऱ्यांचा डबा पिशवीत तसाच राहिला, तिला खायचं सुचेना. मांडवा दिसायला लागल्यावर म्हणाली, "पाणी संपतच नाही गं." माझे तेरा हजार तिथे वसूल झाले.

आता दाभोळची गोष्ट. ही मूळ लेखात लिहायला हवी होती, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे आज लिहितेय. दाभोळला आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती. भरतीच्या वेळी जेट्टीचा लोखंडी पाट जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याचा उतार नि पाटाचा चढ यांच्यामध्ये एक खोलगट कोन तयार होतो. खलाशी पुढे उभा राहून हाताने खुणा करत होता, ये, ये, सावकाश. मी पहिल्या गिअरमध्ये होते, क्लचवर पाय. पुढची चाकं पाटाला टेकायच्या आतच खालून खर्रर्र आवाज आला. बंपरची खालची प्लास्टिकची कड घासली होती. तो म्हणाला, "ताई, तिरकी घ्यायला हवी होती." तिरकी घेतली की एक चाक आधी चढतं आणि गाडीचं नाक वाचतं. पुढच्या तवसाळला मी तशीच चढवली, काही झालं नाही.

गाडी परत देताना कंपनीच्या माणसाने वाकून टॉर्च मारला आणि अनामत रकमेतून चार हजार आठशे कापले. त्या कडेवर आधीचेही दोन ओरखडे होते, हे मी शपथेवर सांगते. पण मुंबईत गाडी घेताना मी चारही बाजूंचा व्हिडिओ काढला, खालची कड मात्र काढली नाही. पुरावा नाही, बोलणं संपलं. मी तीन ईमेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. मी खोटी नव्हते आणि तरी मला गप्प बसावं लागलं, याचा राग अजून आहे. हे चार हजार आठशे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ते धरले तर फरक अठरा हजारांवर जातो.

तरीसुद्धा तुमचा शेवटचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ओळखीतल्या पोरांची पांढऱ्या नंबर पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. खासगी गाडीचा विमा खासगी वापरापुरता असतो. भाड्याने दिल्याचं अपघातानंतर उघड झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरचा माणूस दगावला असेल तर भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या आणि तुमच्या घरावर येऊ शकतो. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. टॅक्सीची याच्या उलट, पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. हा धंदा मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ च्या योजनेनुसार चालतो. त्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात, त्यामुळे गल्लीतल्या पोराकडे असा परवाना असूच शकत नाही. मला राग आला त्या कंपनीकडे निदान कागद सगळे होते, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर तीच फाइल मी पुढे केली. अर्ध्या भावातली गाडी अडवली असती, तर सत्तरीच्या आईला घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले असते.

घरची गाडी कोणी न्यावी, हेही सांगायला हवं. घरात दोन चालवणारे असतील, रजा दहा-बारा दिवसांची असेल, येताना कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर करायचं असेल, तर तुमचंच बरोबर. तेव्हा परतीची वाटच अर्धी सहल होते, आणि मग भाड्याच्या गाडीला पैसे घालायची गरज नाही. पाचवा माणूस असेल तर रेल्वेचं तिकीटही वाढतं. तुम्ही आणि तुमचे चिरंजीव दोघंही चालवता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमच्यासाठी तुमचा मार्गच योग्य. माझा लेख माझ्यासारख्यांसाठी होता, आणि तसं मी त्यात स्पष्ट लिहायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही उपयोगी पडेल. आम्ही उत्तरेकडून दक्षिणेला गेलो, तेव्हा समुद्र उजवीकडे. आपण चालवतो डावीकडून, म्हणजे समुद्र आणि आपण यांच्यामध्ये समोरून येणारी वाहतूक. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या वळणावर आई म्हणाली थांब, आणि मला रस्ता ओलांडून थांबायला जागाच मिळेना. खालून वर आलात, तर समुद्र तुमच्या बाजूला राहतो, वाटेल तिथे डावीकडे गाडी घेता येते. एकतर्फी भाड्यात दिशा आपल्या हातात असते. मी दोन्हीकडचा भाव विचारला होता. गोव्यात घेऊन मुंबईत सोडायचे चार हजार सांगितले, आमच्या दिशेपेक्षा अडीच हजार कमी. तेव्हा तिकिटं काढून झाली होती. पुढच्या वेळी आधी मडगाव, मग वर. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी रोज नसते, तिचे दिवस बघून मगच रजा टाका.

मूळ लेखात हा सगळा हिशेब आणि दाभोळचा प्रसंग आज रात्री घालते आहे. जानेवारीत जायचं म्हणताय, तर दाभोळला निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या आणि पाटावर गाडी तिरकी चढवा. घरची असली तरी बंपर बंपरच आहे. आणि भाड्याची घ्यायचं ठरलंच, तर ताब्यात घेताना जमिनीवर गुडघे टेकून मोबाईल पुढच्या बंपरच्या खाली धरा, नंबर पाटीपासून चाकापर्यंत सावकाश फिरवा, आणि तो व्हिडिओ त्यांच्याच माणसाला तिथल्या तिथे पाठवा.