व्रत सिस्टर घेते, निभावायचं सगळ्या कम्युनिटीनं

कॅथलिक सिस्टरांचा विषय निघाला की लोकांचा पहिला प्रश्न लग्नाचा असतो. आयुष्यभर एकटं कसं राहवतं यांना? माझी मावशी धर्मभगिनी आहे. ती सरळ सांगते, "एकट्या कुठे? दहा-बारा जणींत राहतो आम्ही. कठीण आहे ते तेच."

मला हे शंभर टक्के पटतं. या दहा-बारा जणींनी एकमेकींना निवडलेलं नसतं. बदलीचं पत्र आलं की बॅग भरायची आणि नव्या कम्युनिटीत, म्हणजे दुसऱ्या घरातल्या सिस्टरांमध्ये, राहायला जायचं. पंचविशीतली आणि पंच्याहत्तरीतली पहाटे एकाच चॅपलमध्ये प्रार्थनेला बसतात आणि एकाच टेबलावर जेवतात. एकीला शांतता हवी असते, दुसरीला बोलायला कुणीतरी हवं असतं.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा १८८८ मध्ये तिथल्या कार्मेल मठात सिस्टर व्हायला गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली. मठात एक आजारी, चिडखोर वृद्ध सिस्टर होती. संध्याकाळी प्रार्थना चालू असतानाच ती आपलं वाळूचं घड्याळ हलवून खूण करायची, की आता मला जेवणघरात ने. तेरेजा तिला मागून धरून हळूहळू न्यायची. चाल जरा वेगात झाली तरी बोलणी, हळू झाली तरी बोलणी. वाकड्या झालेल्या बोटांनी तिला पाव कापता येत नाही, हे तेरेजाच्या लक्षात आलं आणि कुणी न सांगता ती तो कापून देऊ लागली. सामुदायिक जीवन म्हणतात ते हे.

म्हणूनच दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं म्हणजे ती घेणाऱ्या सिस्टरची एकटीची जबाबदारी आहे, असं कुणी बोललं की मला राग येतो. दारिद्र्याचंच घ्या. मावशीनं वर्षानुवर्षं शिकवलं, पगार सगळा संस्थेचा, म्हणजे ती ज्या धर्मसंघाची सिस्टर आहे त्याचा, आता पेन्शनही संस्थेचीच. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सिस्टरला जे लागेल ते संस्थेनं पुरवलंच पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे! एका घरात मावशीच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली सुपीरियरनं, म्हणजे त्या घराच्या प्रमुख सिस्टरनं, पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दुसऱ्या एका घरात औषधांच्या बिलासाठी तिला पुन्हा पुन्हा खुलासा द्यावा लागला. व्रत तेच, बाईही तीच.

ब्रह्मचर्याचंही तसंच. ज्या घरात दिवस कसा गेला हे विचारणारं कुणी नाही, तिथे ते व्रत नुसतं कोरडं होऊन जातं.

आणि आज्ञापालन? त्याचा अर्थ तोंड बंद ठेवणं असा कधीच नव्हता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमात लिहिलं की महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठप्रमुखानं सगळ्यांना बोलवावं, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्यालाच योग्य ते सुचवतो. निर्णय शेवटी प्रमुखाचा, पण आधी ऐकायचं. आजचा कायदाही वरिष्ठांना ऐकून घ्यायला सांगतो. सिस्टरनं आपलं अंतःकरण उघडं करावं म्हणून कुठल्याही प्रकारे दबाव आणायला तर वरिष्ठांना बंदीच आहे. हे किती सिस्टरांना माहीत असतं?

मला सर्वांत जास्त खुपतो तो याच कायद्यातला नियम ७०२. संस्था सोडून जाणाऱ्या सिस्टरला केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही. संस्थेनं तिच्याशी न्यायानं आणि प्रेमानं वागावं, असं पुढे म्हटलंय खरं, पण म्हणजे नेमकं किती आणि काय? पन्नाशीत बाहेर पडणाऱ्या बाईकडे ना बचत, ना घर. तिच्या कमाईवर इतकी वर्षं सगळ्यांचं चाललं, मग तिला दयेवर का सोडायचं? प्रत्येक संस्थेनं आपल्या नियमावलीत आकड्यांत लिहावं: सेवेच्या वर्षांप्रमाणे किती रक्कम, किती महिने राहायची सोय, कामधंदा शिकायचा खर्च कोण देणार. आणि हे मुलगी नोव्हिस, म्हणजे व्रतं घेण्याआधी तयारी करणारी, असतानाच तिच्यासमोर ठेवावं. नोव्हिशिएट, म्हणजे हा तयारीचा काळ, किमान बारा महिन्यांचं असतं, नंतर आजीवन व्रतांआधी किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं. हे कागद वाचून दाखवायला तेवढा वेळ भरपूर आहे.