पवई भरला म्हणून पाणीकपात टळत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय: "पवई तलाव ओसंडला, पाणीकपात रद्द!" व्हिडिओ खरा असेलही, पण निष्कर्ष चुकीचा आहे. पवईचं पाणी पिण्यायोग्य नाही, ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला बिगरपिण्याच्या कामांसाठी जातं. त्याची क्षमता सुमारे ५४५ कोटी लिटर. मुंबईला रोज पुरवलं जातं जवळपास ३८५ कोटी लिटर. म्हणजे ते प्यायलो असतो, तरी दीड दिवसही पुरलं नसतं.

आपल्या नळाला पाणी येतं अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशीतून. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून. त्यामुळे भातसासारखी मोठी धरणं आहेत त्या शहापूर-मोखाड्याकडे पाऊस किती झाला ते बघा (पवईत सेल्फी काढायला हरकत नाही). कपात लावणं-उठवणं महापालिका या सातांचा एकूण साठा पाहून ठरवते.