जॅकेट विकून पार्टी

एका लेखात डेव्हिड ब्रूक्सचं वाचलं, अमेरिकन सैन्याला बुलेटप्रूफ जॅकेटं पुरवायच्या त्या डीएचबी इंडस्ट्रीज कंपनीचा हा संस्थापक आणि प्रमुख होता, अन् डोकंच फिरलं राव. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मरीन्स सैनिकी दलानं त्याची ५ हजारांवर जॅकेटं परत मागवली आणि त्याच वर्षी ह्या बाबानं पोरीच्या कार्यक्रमाला न्यूयॉर्कमध्ये लाखो डॉलर उडवून बडे बडे गायक आणले! शिक्षा झाली म्हणा, २०१३ मध्ये १७ वर्षांची, पण ती हिशोबातल्या घोळासाठी अन् शेअरच्या लफड्यासाठी, जॅकेटसाठी नाही, हे बघा जरा.

माझे मामा नागपुरात अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, तोफगोळ्याच्या कवचावर बोट फिरवून सांगायचे, इथं खरवडलेलं दिसलं की माल बाजूला, मग साहेब कितीही घाई करो. रिटायर झाल्यावरही घरी कुकरचं झाकण तसंच तपासतात, मामी वैतागते.

आणि आपल्याकडं काय, कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून, म्हणजे लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरमधून, पोरं जातात तेव्हा गाडीच्या मागं जय जवानचे स्टिकर लावतो आपण, पण टेंडर कुणाला गेलं, माल कुणी तपासला हे विचारलं की लगेच देशद्रोही. अरे बाबा, जॅकेट घालणार तो जवानच आहे ना?