२६ जुलैचे ९४४ मिलिमीटर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

मुंबईतील २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीवरील लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण इतक्या बारकाईने आकडे तपासलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देणे मला आवश्यक वाटते. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला असताना त्याच शहरातील सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर होणे असंभव आहे. चेरापुंजीलाही दिवसात एवढा पडत नाही, तेव्हा यंत्र बिघडले असावे किंवा आकडा फुगवला गेला असावा. हवामान खात्याच्या तक्त्यात ही नोंद २७ जुलैच्या नावे असल्यामुळे माझी तारीखही चुकीची आहे. एवढा पाऊस कोणत्याही शहराला बुडवील, म्हणून मिठी नदीचा विषय काढणे अप्रस्तुत आहे. आणि मुळात एकाच तारखेभोवती आपत्ती आठवणे म्हणजे योगायोगाला अर्थ चिकटवणे आहे.

तारखेचा प्रश्न लगेच सुटण्यासारखा आहे. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि ज्या सकाळी मोजला, त्या तारखेवर लिहितात. २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला पाऊस त्यामुळे तक्त्यात २७ तारखेसमोर दिसतो. लोकांची आठवण आणि खात्याचा तक्ता एकाच पावसाबद्दल बोलत आहेत. लेख पाऊस पडला त्या दिवसाविषयी आहे, म्हणून त्यात २६ जुलैच राहील.

यंत्राविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वयंनोंदणी पर्जन्यमापकात पाणी एका भांड्यात साठते, त्याबरोबर तरंगणारा फुगा वर जातो आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरील कागदावर चढती रेघ ओढते. दहा मिलिमीटर पाणी भरले की सायफनने भांडे रिकामे होते, लेखणी सरळ खाली येते आणि पुन्हा चढू लागते. साध्या पावसाळी दिवशी या कागदावर दोन-चार उतार दिसतात. २६ जुलैला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला सुमारे १९० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे या पद्धतीच्या यंत्रात साधारण दर तीन मिनिटांनी भांडे भरून रिकामे व्हावे, असा तो वेग होता. भांडे रिकामे होत असताना पडणारे पाणी पुरते मोजले जात नाही, त्यामुळे फार जोराच्या पावसात अशा यंत्राची चूक बहुधा कमी नोंदवण्याच्या दिशेने होते. आकडा फुगला असावा ही शंका यंत्राच्या स्वभावाच्याच विरुद्ध जाते. शिवाय साक्ष एकट्या सांताक्रूझची नाही. विहार तलावावर त्याच चोवीस तासांत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि त्या जागेचे पर्जन्यमापक वेगळे होते. दोन यंत्रे एकाच दिवशी, एकाच दिशेने आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात बिघडली असे मानण्यापेक्षा पाऊस तेवढा पडला असे मानणे मला अधिक तर्कशुद्ध वाटते.

चेरापुंजीचा दाखला तर आपल्या विरोधात जातो. १६ जून १९९५ रोजी तेथे चोवीस तासांत १५६३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ६ मे २००४ रोजी लक्षद्वीपमधील अमिनीदिवी येथे ११६८ मिलिमीटर झाला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस झाला आणि तो जागतिक विक्रम मानला जातो. सांताक्रूझचा आकडा देशातील सर्वोच्च नाही, म्हणूनच तो अविश्वसनीयही ठरत नाही.

आता कुलाबा आणि सांताक्रूझ. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे आणि फरक जवळजवळ तेरा पटींचा; हे पटण्यासारखे नाही, असे आपण लिहिता. परंतु अशा पावसाचा गाभा किती अरुंद असतो, हे मुंबईच्याच इतर नोंदींतून दिसते, आणि झुकते माप नेहमी उपनगरांनाच मिळते असेही नाही. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्याने ५७५.६ मिलिमीटर नोंदवले. तो कुलाब्याचा मोठा विक्रम आहे. ५ ऑगस्ट २०२० च्या वादळी पावसात कुलाब्याला ३३१.८ मिलिमीटर, तर सांताक्रूझला १६२.३ मिलिमीटर झाला. २००५ मधला फरक प्रमाणाने फार मोठा होता, हे खरेच. पण तो प्रकार अनोळखी नव्हता. एखाद्या ठिकाणी तासाला १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या आटोपशीर टापूत, झाला तर हवामान खाते त्याला ढगफुटी म्हणते. व्याख्येतच टापू लहान धरलेला आहे.

ज्या फरकाला आपण नोंद चुकल्याचा पुरावा मानता, तोच त्या दिवसाचा सर्वांत घातक भाग होता, असे माझे ठाम मत आहे. मंत्रालय दक्षिण मुंबईत, महापालिकेचे मुख्यालय दक्षिण मुंबईत, हजारो कचेऱ्याही तिकडेच. तेथील खिडकीतून दिसणारा पाऊस जुलैतल्या कोणत्याही दिवसासारखाच होता. लोक नेहमीप्रमाणे घरी निघाले आणि ज्या दिशेने निघाले तिकडे कुर्ला, कालिना, सांताक्रूझ पाण्याखाली जात होते. लोकलगाड्या थांबल्या, माणसे रात्रभर रुळांवरून आणि पाण्यातून चालत राहिली, बंद मोटारींमध्ये अडकून गुदमरली. पाऊस कुठे आणि किती जोराचा आहे ते दुरून दाखवणारे डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हते. ते काही वर्षांनी आले. उपनगरांत दर पाव तासाला काय पडते आहे, हे सांगणारी पर्जन्यमापकांची जाळीही नव्हती. महापालिकेने अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली ती या पुरानंतर. दोनच वेधशाळांच्या भरवशावर एवढे शहर सोडलेले होते, आणि त्यातली एक त्या दुपारी जवळजवळ काहीच सांगत नव्हती.

एवढ्या पावसात कोणतेही शहर बुडेल, या विधानातील अर्धा भाग मला मान्य आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाचा निचरा करील अशा हिशेबाने आखली होती, आणि तोही ओहोटी असताना. त्या दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती, म्हणजे समुद्राच्या पातळीखाली गेलेली नाल्यांची तोंडे पाणी बाहेर सोडूच शकत नव्हती. १९० मिलिमीटरच्या तासापुढे नाले तुंबणार, हे ठरलेलेच होते. मात्र पाणी किती चढेल आणि किती वेळ राहील, हे केवळ पावसावर ठरत नाही. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी ज्या मिठी नदीतून माहीमच्या खाडीला जाते, तिचे पात्र भराव, वस्त्या आणि गाळ यांनी आवळलेले होते. विमानतळाजवळ तिला काटकोनात वळवलेले होते. आणि खाडीलगतच्या ज्या पाणथळ जमिनीत भरतीचे पाणी पसरायचे, तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या कारणांचा तपशीलवार ऊहापोह केला. १९९३ मध्ये निचऱ्याची क्षमता वाढवण्याचा आराखडा तयार होता आणि २००५ पर्यंत त्याचे बरेचसे काम कागदावरच होते. या गोष्टी वगळून फक्त ९४४ चा आकडा लिहिला, तर दोष ढगांवर ढकलून सगळ्यांना मोकळे होता येते. म्हणून मिठीचा परिच्छेद लेखात राहणे मी आवश्यक मानतो.

राहिला तारखेभोवती आठवण्याचा मुद्दा. २६ या अंकाला काही शक्ती आहे, असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या सह्याद्रीत या तारखेच्या जवळपास काय घडले ते पाहावे. २००५ च्या २५ आणि २६ जुलैलाच महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या पुराच्या गोंगाटात ती गावे बातम्यांत फार मागे पडली, याची मला आजही खंत वाटते. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. या सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धात पडतात. जूनपासूनच्या पावसाने तोवर डोंगरउतारांवरची माती पाणी पिऊन जड झालेली असते, आणि अशा वेळी दोन-तीन दिवसांची संततधार उतार तोडायला पुरते. हा योगायोग नाही, हा ऋतूचा क्रम आहे, आणि दिनदर्शिकेवर या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की तो डोळ्यांना दिसतो.

आपल्या प्रतिक्रियेमुळे एक भर मी लेखात घालणार आहे. यापुढे प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या केंद्राचा आणि किती वाजेपासून किती वाजेपर्यंतचा, हे लिहीन. महाडच्या बाबतीत मात्र हीच अडचण येते. राज्यात आता महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण घाटाखालच्या मंडळात एक केंद्र म्हणजे खोऱ्यातल्या सपाटीवरचे एकच भांडे. माथ्यावरच्या वाडीत त्याच रात्री किती पडला, ते त्यातून कळत नाही. आपण आकडे इतक्या काळजीने तपासता, तर कोकणातील शाळांत, शेतावर किंवा धरणांच्या चौक्यांवर कोणी रोजचा पाऊस वहीत लिहून ठेवला असल्याचे आपल्या माहितीत असेल, तर जरूर कळवावे. जुई आणि दासगावच्या वरच्या उतारांवर जुलै २००५ च्या त्या आठवड्यात किती पाऊस झाला, ते मला अशा नोंदींतून शोधायचे आहे.